मग पाणी कोणी दिलं?

मुलांसाठी पुस्तके लिहिते म्हटले की लोक म्हणतात, "बरं आहे, सोपं काम." मोठ्यांना पुस्तक आवडले नाही तर ते बाजूला ठेवतात. मुलांच्या बाबतीत तसे नसते. ते मला माझ्या पहिल्याच पुस्तकाने शिकवले.

1996 सालची गोष्ट. मी वस्तीतल्या बालवाडीत शिकवत होते. सकाळी बालवाडी, दुपारी घरकाम आणि रात्री नळाचे पाणी भरून झाले की वही घेऊन बसायचे. रविवारी बुद्धविहारात वंदना झाली की मुले म्हणायची, "बाई, बाबासाहेबांची गोष्ट सांगा." बाबासाहेबांवरचे जाड ग्रंथ आमच्या विहारात होते, पण सहा-सात वर्षांच्या मुलाला स्वतः वाचता येईल असे मोठ्या अक्षरांचे काही नव्हते.

एका प्रकाशकाकडे वही घेऊन गेले. "अशा पुस्तकांना मागणी नाही," एवढेच ऐकून परत आले. येताना केळुसकर गुरुजींची आठवण झाली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्यांनी काही मागणीची वाट पाहिली नव्हती. भिशीचे चार हजार उचलले आणि छापखाना गाठला. सोळा पाने, हजार प्रती, किंमत पाच रुपये.

गोष्ट निवडली ती बाबासाहेबांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये सांगितलेली. साल 1901. वडील गोरेगावला रोखपाल होते. सुट्टीत त्यांना भेटायला भीमराव आणि बरोबरची मुले साताऱ्याहून आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणीच आले नव्हते.

चित्रकाराने मुले फाटक्या कपड्यांत, अनवाणी काढली. मी म्हटले, "नाही भाऊ. नवे सदरे, चमकदार टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं काढा."

"अहो, मग गरिबी कशी दिसणार?"

"गरिबीची गोष्टच नाही ही. कपडे पाहून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची मुलं वाटली. जात कळली आणि तो मागे सरला. कपडे तेच होते. हे आपल्या मुलांना चित्रातच दिसलं पाहिजे."

त्यांनी सगळी चित्रे नव्याने काढली आणि त्याचे जादा पैसे घेतले नाहीत.

पुढे दुप्पट भाड्यावर बैलगाडी ठरली, तीही मुलांनीच हाकायची. गाडीवान बाजूने पायी चालला. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितले, मिळाले नाही. डब्यात जेवण होते. पण पाण्यावाचून मुले उपाशीच झोपली. तिथे मी पुस्तक संपवले. शेवट परिणामकारक झाला, असे मला वाटले होते.

रविवारी विहारात वाचून दाखवले. सोमवारी सकाळी एक आई बालवाडीच्या दारात उभी. डोळे रागाने लाल. "बाई, पोरगी कालपासून माठाला हात लावत नाही. मला विचारते, पाणी घेऊ का? कोणी ओरडणार नाही ना? आम्ही भोगलं ते पुरे झालं नाही का? पोरांच्या डोक्यात कशाला घालता?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. गठ्ठे पलंगाखाली सरकवले. मिस्टर म्हणाले, "खोटं काय लिहिलंस त्यात?" खोटे काहीच नव्हते. तरी त्या रात्री मला जेवण गेले नाही.

पुढच्या रविवारी तीच मुलगी माझा पदर ओढून म्हणाली, "बाई, मग त्यांना पाणी कोणी दिलं?"

तेव्हा चूक समजली. मी मुलांना रात्रीच्या अंधारात, त्या टोलनाक्यावर सोडून आले होते. मूल गोष्टीच्या शेवटी जिथे असते, तिथेच झोपी जाते.

तिला मांडीवर घेतले आणि म्हटले, "कोणी दिलं नाही. तो मुलगा मोठा झाला, खूप शिकला आणि सव्वीस वर्षांनी महाडच्या चवदार तळ्यावर गेला. आपल्या हाताने पाणी घेतलं. मागून हजारो लोकांनी घेतलं."

"मग आता माठातलं घेऊ?"

"घे."

दुसऱ्या आवृत्तीत 20 मार्च 1927 चा तो प्रसंग घालायचा होता. पाने वाढवली तर किंमत वाढणार. मग माझे मनोगत, माझा फोटो आणि देणगीदारांची नावे काढली, दोन पाने मोकळी झाली. देणगीदार रुसले. त्या जागी आता पाण्याने भरलेली ओंजळ आहे. तळ्यानंतर लोकांना झालेली मारहाण, तळ्याचे 'शुद्धीकरण' आणि 1937 पर्यंत चाललेला खटला मी थोड्या मोठ्या मुलांच्या पुस्तकात लिहिला. मुलांपासून लपवायचे काही नाही; फक्त वय पाहून घास लहान करायचा.

त्या आईने दुसरी आवृत्ती उभ्या-उभ्या चाळली, काही बोलली नाही. पाच रुपये दिले आणि पुस्तक घेऊन गेली.

आजही 6 डिसेंबरला दादरला, शिवाजी पार्कच्या कडेला पथारी टाकते. किंमत आता वीस रुपये आहे. लांबून आलेल्या बाया कडेवरचे मूल सावरत विचारतात, "ताई, काय आहे यात?" मी आधी शेवटचे पान उघडून दाखवते.