हिशेबात न आलेला पहारेकरी

धंदेवाल्यांनी नाटक-सिनेमा का पाहावा, तर म्हणे त्यातून गिऱ्हाइकाचं मन कळतं. मला हे पटत नाही. गल्ल्यावर काही वर्षं बसलेल्या दुकानदाराला ते कुणी शिकवावं लागत नाही. त्याला दिसत नाही तो स्वतः. सत्यजित राय यांचा ‘सीमाबद्ध’ (१९७१) नेमकं तिथे बोट ठेवतो. राय १९४३ साली कलकत्त्यात डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत नोकरीला लागले होते. साहेबी ऑफिसची हवा त्यांना चांगली ठाऊक होती. चित्रपटातला श्यामलेंदू पंख्यांच्या कंपनीत सेल्स मॅनेजर. परदेशी जायच्या मालात ऐन वेळी दोष निघतो. उशीर झाला तर कंपनीचं नुकसान, आणि डायरेक्टरपदही हातचं जाणार. कारखाना बंद पडला तर मात्र उशिराला सबब मिळते. मग लेबर ऑफिसरला हाताशी धरून गडबड घडवली जाते आणि तीत एक पहारेकरी जखमी होतो. यात कुणी खलनायक नाही. सुशिक्षित, हसतमुख माणूस एकेक पायरी उतरतो आणि प्रत्येक पायरी त्या वेळी व्यवहाराचीच वाटते.

कुणी म्हणेल, हे तर मॅनेजमेंटच्या केस स्टडीतही असतं. असतं, पण तिथे आपण निर्णय घेणाऱ्याच्या बाहेर उभे राहून गुण देतो. इथे श्यामलेंदूची युक्ती जमावी असं आपल्यालाही क्षणभर वाटतं, आणि तेच अंगावर येतं. नव्यानं नोकरीला लागलेल्याला यात बढतीची गोष्ट दिसेल, टार्गेटखाली दबलेल्या मॅनेजरला फक्त शिपमेंटची तारीख. पहारेकऱ्याकडे बहुतेकांचं लक्ष निवृत्तीनंतरच जात असावं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गाण्याच्या मैफलीत पहिल्या रांगेत बसणारे लबाड काय कमी आहेत? अजिबात नाहीत. कलेनं माणूस सुधारतो असा माझा दावाच नाही. ‘मला कळलंच नाही’ म्हणायची सोय ती काढून घेते, एवढंच. शिवाय ‘सीमाबद्ध’ पापाला शिक्षा देऊन प्रेक्षकाची समजूतही घालत नाही. युक्ती लागू पडते आणि श्यामलेंदू डायरेक्टर होतो.