टाकीतला फ्लोट

डॅशबोर्डवरच्या काट्याला सगळे ओळखतात. भरवसा त्याच्यावर, आणि भर रस्त्यात पेट्रोल संपलं की शिव्याही त्यालाच. मला आदर वाटतो तो टाकीतल्या फ्लोटबद्दल. जन्मभर अंधारात, पेट्रोलमध्ये राहायचं आणि किती उरलंय तेवढं वर कळवत राहायचं.

अंगानं अगदी साधा. जुन्या गाड्यांत पितळी पत्र्याचा पोकळ डबा, पुढे प्लास्टिकचा ठोकळा. तारेच्या दांडीच्या टोकाला बसलेला. पेट्रोल वाढलं की वर जातो, घटलं की खाली येतो. दांडीचं दुसरं टोक रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत सरकतं, त्यानं करंट कमीजास्त होतो आणि काटा हलतो. मारुती ८००च्या २८ लिटरच्या टाकीतही त्याला जागा लागते ती मूठभरच.

घाटात पेट्रोल हिंदकळतं, फ्लोट खालीवर होतो, तरी काटा शांत असतो. जुन्या गेजमध्ये दोन धातूंची पट्टी असते. तिच्यावर गुंडाळलेली तार तापेल तशी ती सावकाश वाकते. चावी फिरवल्यावर काटा आस्ते आस्ते चढतो तो यामुळे.

काटा उचलेनासा झाला की लोक डॅशबोर्ड खोलायला धावतात. माझ्या मते ते अगदी शेवटचं काम. आधी फ्यूज पाहावा. इंजिनाच्या तापमानाचा काटाही त्याच वेळी बिघडला असेल, तर ज्या गाड्यांत दोघांना एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो तिथे संशय त्याच्यावर घ्यावा. पेट्रोलचाच काटा रुसला असेल तर मात्र टाकीकडे वळावं. चावी बंद ठेवून फ्लोटची वायर सोडवायची, मध्ये छोटा बल्ब घालून बॉडीला जोडायची आणि मगच चावी फिरवायची. टाकीजवळ ठिणगी पडता कामा नये. बल्ब न घालता वायर थेट जोडून ठेवली तर गेजमधली तार जळू शकते. कमी रेझिस्टन्स म्हणजे टाकी भरलेली, अशी बऱ्याच गाड्यांची रचना असते. तिथे काटा 'फुल'कडे निघाला की तोही निर्दोष आणि वायरही.

तरीही लगेच फ्लोटला दोषी धरू नये. टाकीचं अर्थिंग गंजलं की त्याचा निरोप वर पोचतच नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीत मी पहिल्यांदा तेच पाहीन. जोड घासून लख्ख केला, बोल्ट आवळला, एवढ्यावर कितीतरी फ्लोट पुन्हा बोलू लागतात.

नाहीच बोलला, तर बॅटरीची वायर काढून, उघड्या हवेत, टाकीत पेट्रोल कमी असताना त्याला बाहेर काढावं. कानाशी धरून हलवावं. आत पेट्रोल डुचमळलं तर तो फुटला आहे; तळाशी बसून कायम 'रिकामी' सांगणार. पितळेला डाख देता येतो, पण आत पेट्रोलची नुसती वाफ उरली असली तरी आच जिवावर बेतेल. त्यापेक्षा नवा फ्लोट घ्यावा.

काटा मध्येच कोसळून पुन्हा सावरत असेल तर पट्टी झिजलेली असते. मल्टिमीटर लावून दांडी हळूहळू फिरवली की आकडा जिथे उडी मारतो, तिथे बोट ठेवता येतं. नेहमी थोडंथोडंच पेट्रोल भरणाऱ्याच्या गाडीत ही झीज खालच्या भागात जास्त होणार, कारण फ्लोटचं सारं आयुष्य तिथेच गेलेलं असतं. अशी पट्टी घासूनपुसून फार दिवस टिकत नाही. पूर्ण युनिट बदलावं, आणि रबरी वायसरही नवा घालावा, नाहीतर गाडीत पेट्रोलचा वास सुटतो.

बसवल्यावर त्याची भाषा शिकून घ्यावी. टाकीच्या आकारामुळे अनेक गाड्यांत काटा वरच्या अर्ध्यात रेंगाळतो आणि खालच्या अर्ध्यात झपाट्यानं उतरतो. म्हणून जवळजवळ रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर घालत जावं आणि दर वेळी काटा कुठे थांबला ते एका चिठ्ठीवर लिहून गाडीतच ठेवावं.