डावी बाजू

वडिलांच्या १९७६ सालच्या पद्मिनीचे गुडघे, कान, डोळे सगळे दुरुस्त झाले. उरली फक्त डॅशबोर्डवरची पट्टी. दुकानदाराने साडीवाल्याच्या थाटात तीन पट्ट्या उलगडल्या. एक स्टीलची, एक प्लॅस्टिकला मुलामा दिलेली, एक पितळेवर निकेल आणि त्यावर क्रोम चढवलेली.

"ही घ्या साहेब. ओरिजिनल."

"अहो, गाडी निघायची बंद होऊन वीसच्या वर वर्षं झाली!"

"म्हणून तर! हे ओरिजिनल डुप्लिकेट आहे. बाहेर तुम्हाला डुप्लिकेट डुप्लिकेट मिळेल."

तिसरीच पसंत पडली. तिच्यात चमक बरीचशी निकेलची, आणि वरच्या केसाहून पातळ थराचा क्रोम नाव मिळवून जातो. आमच्या ऑफिसातही हीच पद्धत होती.

पण जुन्या पट्टीचा डावीकडचा मुलामा पार उडालाय. खंडाळ्याच्या घाटात वळण आलं की आई तिथं घट्ट धरायची. वडील म्हणायचे, "अगं, गाडी मी चालवतोय!" ती म्हणायची, "म्हणूनच."

"उजवी अर्धीच द्या," मी म्हणालो.

"अर्धी मिळत नाही साहेब."

पूर्ण पैसे मोजले, अर्धी कापून बसवली. उरलेली डिकीत पडून आहे. कुणाची डावी बाजू गेली असेल तर कळवावे.