अनोळख्यांच्या रक्तासाठी

एखाद्या पेशंटसाठी पैसे मागितले, तर माणसं देतात. नाव, वय आणि हॉस्पिटलने दिलेला खर्चाचा कागद दाखवला, की सोसायटीचा वॉचमनसुद्धा खिशात हात घालतो. या शहराचं हे मोठेपण मी पाहिलं आहे, आमच्याच घरासाठी पाहिलं आहे. संशोधनासाठी मागितले, की मात्र समोरचा थबकतो. ‘म्हणजे नेमके कुणाला मिळणार?’ असं विचारतो. उत्तर माझ्यापाशी असतं, पण त्या उत्तराला चेहरा नसतो. हे पैसे ज्याच्या कामी येतील त्याला आजार अजून झालेलाच नाही. कदाचित तो अजून जन्मालाही आलेला नाही. तरी मी मागते. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला उभी राहते आणि त्याआधी काही महिने ओळखीच्या प्रत्येकापुढे रक्ताच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी हात पसरते.

माझ्या धाकट्या भावाला अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया झाला. आधी हिरड्यांतून रक्त, मग मांडीवर निळे डाग, आणि उतरायचं नाव न घेणारा ताप. त्यानंतर घरात ‘काउंट’ हा शब्द राहायला आला. सकाळी चहाच्या आधी काउंट, रात्री दिवा मालवताना काउंट. प्लेटलेट्स पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, म्हणून त्या साठवून ठेवता येत नाहीत. दर वेळी नवा दाता शोधावा लागतो. भावाच्या ऑफिसमधली मुलं, माझ्या मैत्रिणीचे यजमान, कुणाच्या तरी ओळखीने आलेला एक टॅक्सीवाला, सगळे मशीनला दीड-दोन तास हात अडकवून बसले. परळच्या हॉस्पिटलमध्ये शेजारच्या खाटेवर बिहारहून आलेला एक मुलगा होता. त्याचे वडील दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरले होते आणि रोज सकाळी चालत यायचे. भाऊ त्या मुलाशी क्रिकेटवर बोलत बसायचा. मला म्हणायचा, “ताई, याचा काउंट विचार आधी.”

भाऊ गेला.

पळायला मी त्यानंतर लागले. पहाटे जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही, म्हणून शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती चालू लागले. चालण्याचं पळणं कधी झालं ते कळलंही नाही. मग पळताना शरीरात काय घडतं, हे वाचायची सवय लागली आणि त्यातली एक गोष्ट मनात रुतून बसली. मॅरेथॉन पळून आलेल्या धडधाकट माणसाचं रक्त लगेच तपासलं, तर त्यातल्या पांढऱ्या पेशी चांगल्याच वाढलेल्या दिसतात. नुसता कागद पाहिला, तर छातीत धस्स व्हावं. पण एखाद्या दिवसात त्या आपोआप उतरतात. शरीर हाक मारतं, पेशी धावून येतात आणि काम झालं की माघारी जातात. ल्युकेमियात ही माघारच नसते. अस्थिमज्जेत अर्धवट वाढलेल्या पेशी दाटीने भरत जातात आणि लाल पेशींना, प्लेटलेट्सना जागा उरत नाही. शर्यत संपवून मी पाण्याची बाटली तोंडाला लावते, तेव्हा माझ्या रक्तात उसळलेली ती गर्दी परत फिरणार आहे हे मला माहीत असतं. भावाच्या रक्तातली का फिरली नाही, हा प्रश्न मी देवाला विचारून पाहिला. आता तो प्रयोगशाळांना विचारते, आणि तिथे प्रश्न विचारायलाही पैसे लागतात.

पळणं आणि ल्युकेमियाचं संशोधन या दोन गोष्टी माझ्याआधी एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या होत्या. ते सर दोराबजी टाटा. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना ते अध्यक्ष होते. शेतात राबणारी, साध्या जेवणावर वाढलेली पोरं तिथे अनवाणी लांबवर पळताना त्यांनी पाहिली आणि ही मुलं ऑलिम्पिकला गेली पाहिजेत असं त्यांच्या मनाने घेतलं. खटपट करून, स्वतःचे पैसे घालून त्यांनी १९२० साली अँटवर्पला संघ पाठवला. त्यात बेळगावचा फडेप्पा चौगुले होता. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षाही लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. चौगुले त्यात एकोणिसावा आला. शंभर वर्षांपूर्वी, परक्या देशाच्या थंडीत, बेळगावचा गडी जगात एकोणिसावा! आपण त्याचं नाव पुरेसं घेत नाही, याची मला मनापासून खंत आहे.

दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळत, घोडा फेकत. १९३१ साली वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात त्या ल्युकेमियाने गेल्या. त्या काळी या आजारावर औषधच नव्हतं. दोराबजींची सगळी संपत्ती ओतूनही मिळालं नसतं. पुढच्याच वर्षी त्यांनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. ल्युकेमियावर संशोधन करणाऱ्यांना, मग ते कुठल्या का देशाचे असोत, या ट्रस्टने पैसे द्यायचे होते. त्यानंतर काही आठवड्यांतच, पत्नीच्या समाधीकडे जायला निघालेले दोराबजी वाटेत जर्मनीत वारले. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली उघडलं, तेही त्यांच्याच नावाच्या ट्रस्टने उभं केलेलं. पण माझं मन अडकतं ते लेडी टाटा ट्रस्टपाशी. तिचा आजार बरा करू शकेल असं जगात काहीच नव्हतं, आणि ती गेल्यावर या माणसाने पैसे दिले ते कधी न भेटणाऱ्या परक्यांच्या रक्तासाठी.

मॅरेथॉनमध्ये पेडर रोडची चढण परतीच्या वाटेवर येते. सी लिंकवरचा वारा मागे पडलेला असतो, ऊन डोक्यावर यायला लागलेलं असतं, पोटऱ्या दगड झालेल्या असतात. दुतर्फा माणसं संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ घेऊन उभी असतात. एक आजी दर वर्षी गॅलरीतून थाळी वाजवतात. तिथे मला पुष्कळदा तो बिहारचा मुलगा आठवतो. त्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. तो बरा होऊन गावी गेला असेल असं धरून मी चढते.

आमच्या पळणाऱ्यांच्या गटात एक काका आहेत. त्यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया आहे. ते रोज एक गोळी घेतात आणि रविवारी माझ्या पुढे पळतात. त्या गोळीची वाट १९६० साली सुरू झाली. फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड या दोघांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. ते आखूड का, हे १९७३ साली शिकागोत जॅनेट राउली यांनी उलगडलं: दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलले गेले होते. त्या चुकीवर नेमकी बसणारी गोळी, इमॅटिनिब, २००१ साली बाजारात आली. एकेचाळीस वर्षं! त्यातल्या कुठल्याही वर्षी कुणीतरी ‘म्हणजे नेमके कुणाला मिळणार?’ असं विचारून हात आखडता घेतला असता, तर काका आज रविवारचे पळताना दिसले नसते. पैसे मागायला जाते तेव्हा मी आता त्यांचीच गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे.

२०२३ साली आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या, नेक्सकार१९ नावाच्या उपचाराला भारतात मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, कॅन्सरची पेशी ओळखायला त्यांना शिकवायचं आणि परत त्याच्या रक्तात सोडायच्या. परदेशात याला कोट्यवधी रुपये लागतात. इथे त्याच्या एका छोट्या हिश्शात होतं, तरीही सामान्य घराला ते झेपणारं नाही. आयआयटीची पवई आणि टाटाचं परळ, दोन्ही माझ्या रोजच्या लोकलच्या शहरातली ठिकाणं. बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसात होते आणि मला रडू आवरलं नाही.

हा उपचार बी-पेशींच्या कॅन्सरसाठी आहे. माझ्या भावाच्या आजाराला तो लागू पडत नाही. मायलॉइड पेशींवर अशी नेमकी खूण सापडणं कठीण आहे, कारण त्यांच्यावरच्या बऱ्याच खुणा निरोगी रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींवरही असतात. एकीला मारायला जावं तर दुसरीही मरते. त्यावर जगभर काम चाललं आहे. मॅरेथॉनचा फॉर्म यंदाही भरला आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पेन्शनमधून पहिली रक्कम पाठवली आणि या वेळी, कुणाला मिळणार ते विचारलं नाही.