पॅलेट, बंट्या आणि माझे आठ मार्क

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागासाठी लिहायचं म्हटलं की आधी घाम फुटतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात! पण विषय बंट्याचा आहे, आणि तो इंग्रजीत लिहिलेला बंट्या वाचणार नाही.

बंट्या म्हणजे माझा मामेभाऊ. बारावी कॉमर्स झाला आणि कॉलेजचा फॉर्म भरायचं सोडून भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागला. मामीने घर डोक्यावर घेतलं. "गोडाऊनमध्ये काय, हमालीच ना?" शेवटी दिवाळीच्या सुट्टीत कामगिरी माझ्यावर आली. "तू इंजिनिअर होणार, तुझं ऐकेल तो. समजाव त्याला."

खरं सांगते, मलाही लाजच वाटत होती. रूममेटने "भाऊ काय करतो गं?" असं विचारलं तेव्हा मी झोकात "लॉजिस्टिक्समध्ये आहे" म्हणून विषय बदलला होता.

भिवंडी म्हणजे यंत्रमाग, एवढंच मला माहीत. नाशिक हायवेवरून आत वळलं तर नुसती गोडाऊनंच गोडाऊनं! मुंबईत माल शिरला की जकात, म्हणून व्यापारी माल वेशीबाहेर ठेवायचे. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, पण गोडाऊनं उलट मोठी झाली. कर वाचवायला राज्याराज्यांत छोटी गोडाऊनं ठेवायची गरज उरली नाही ना! हे सगळं मला बंट्याने सांगितलं.

सुपरवायझरच्या परवानगीने त्याने मला आत नेलं. छतापर्यंत रॅक, प्रत्येक कप्प्याला नंबर, आणि बंट्याच्या हातात बारकोड स्कॅनर. फोर्कलिफ्टला अजून हात लावू देत नाहीत, हॅण्ड पॅलेट मात्र तो सराईतपणे ओढतो.

"ताई, आधी आलेला माल आधी काढायचा असं तुला वाटेल. पण बिस्किटांची एक्सपायरी बघावी लागते. नंतरच्या ट्रकमध्ये कधीकधी आधीच्या तारखेचा माल येतो. आणि जास्त खपणारा माल डॉकजवळ, कमी खपणारा मागे."

"अरे, ही तर एबीसी अ‍ॅनालिसिस!" मी ओरडलेच. पेपरात आठ मार्कांना आली होती. पाठ करून लिहिली आणि बाहेर येताच विसरले.

"असेल. पहिल्या महिन्यात चालून चालून पाय सुजले, तेव्हाच कळलं काय जवळ ठेवायला हवं."

मग टपरीवर कटिंग घेताना मी पाठ केलेलं भाषण काढलं. "वर्षानंतर इथेच घेतील का?"

"नक्की नाही. १९६१ चा कायदा आहे, त्यात आम्ही कामगार नाही, शिकाऊ. ठेवायलाच पाहिजे असं बंधन नाही. परीक्षा पास झालो की सर्टिफिकेट मिळेल, ते घेऊन शेजारच्या गेटवर जाईन. बाहेरून बी.कॉम.चा फॉर्मही भरलाय. आईला सांगू नकोस हं, नापास झालो तर?"

माझं भाषण तिथेच संपलं. कारण मला एकदम आठवलं, की माझ्या फर्स्ट इयरच्या फीला मामाने हातभार लावला होता. त्याच्या पुढच्या वर्षी मामाचं दुकान बसलं. बंट्या त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. चहाचे पैसेसुद्धा त्यानेच दिले, स्टायपेंडमधून.

मामीला मी सांगितलं, "राहू दे त्याला तिथे. हमाली नाही ती, आणि असती तरी काय?" मामी अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

हॉस्टेलला परतल्यावर रूममेटला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलंस?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला अजून पाठ झालेलं नाही.