रिनेलाची शंभर टनी तोफ

माल्टाच्या ग्रँड हार्बरजवळ, कलकारा गावाबाहेर रिनेला किल्ला आहे. किल्ला म्हटला की आपली मान आपोआप वर जाते. इथे खंदकापलीकडे बुटक्या भिंती तेवढ्या दिसतात. १८७८ ते १८८६ या काळात इंग्रजांनी तो बांधला, तो केवळ एका तोफेसाठी.

इटलीच्या दुइलिओ आणि दांदोलो या युद्धनौकांवर इंग्लंडच्या आर्मस्ट्राँग कारखान्यात घडवलेल्या शंभर टनी तोफा होत्या. त्यांच्या धाकाने ब्रिटिश सरकारने त्याच कारखान्याकडून तशाच चार तोफा घेतल्या. दोन माल्टासाठी, दोन जिब्राल्टरसाठी. हे ऐकून मला चीडच आली. भीती आणि तिच्यावरचा उपाय, दोन्हींचे पैसे एकाच तिजोरीत!

पण तोफेसमोर आलो आणि नुसता बघत राहिलो. नळी सुमारे दहा मीटर लांब. तोंडाचा व्यास ४५ सेंटीमीटर. गोळा ९०० किलोंचा, त्यामागे २०० किलो दारू. जंजिऱ्यावरची कलालबांगडी तोफ पाहताना ती ठासणारे हात डोळ्यांसमोर येतात. इथे ते येईनात, कारण हे ओझे हातांच्या आवाक्यातलेच नाही. वाफेच्या इंजिनाने पाण्याला दाब द्यायचा आणि त्या दाबावर तोफ वळायची. बाजूच्या चिलखती कोठडीकडे ती तोंड झुकवायची. तिथे पाण्याने नळी धुतली जायची, मग दारू आणि गोळा यंत्रानेच आत ठासला जायचा. सहा मिनिटांत पुढचा बार तयार. व्हिक्टोरियाकालीन गणवेशातला वाटाड्या हे सगळे इतक्या जिव्हाळ्याने सांगत होता, की मी त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले.

युद्धात ही तोफ एकदाही उडाली नाही. १९०६ साली ती सेवेतून काढली. पुढे पडीक झालेला किल्ला १९९१मध्ये एका स्थानिक वारसा संस्थेने हाती घेतला आणि लोकांसाठी उघडला. आपल्या गडांवर तोफा गवतात गंजत पडलेल्या पाहिल्या आहेत, म्हणून या कामाचे मोल मला फार वाटले. राज्य परक्यांचे होते, तोफही परक्यांची. तरी माल्टाच्या लोकांनी ती आपला इतिहास म्हणून जपली.

चारांपैकी दुसरी उरलेली तोफ जिब्राल्टरला आहे. तिथल्या मोर्च्याला नेपियर ऑफ मॅग्डालाचे नाव आहे. हा नेपियर पूर्वी मुंबईच्या फौजेचा सरसेनापती होता. ॲबिसिनियाच्या मोहिमेवर तो मुंबईहूनच निघाला होता. आता तीही तोफ पाहायची आहे.