कुडाची भिंत

राजूर, ता. अकोले

चि. सई,

तू पाठवलेला इंग्लंडच्या डेव्हनमधल्या खेड्याचा फोटो तुझ्या आजीलाही दाखवला. माती-पेंढ्याच्या जाड भिंती, वर गवताचं छप्पर. आपल्या रतनवाडीच्या फोटोतलं घर बांबूचं होतं का, असं विचारलंयस.

नाही गं, कारवीचं. तिथल्या शाळेत लागले तेव्हा मी त्याच घरात राहायचे. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते. तिच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या कामट्यांनी आवळायच्या, दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची. झाला कूड. पावसाच्या झडीनं पश्चिमेचं लिंपण दर वर्षी धुऊन जायचं. मग काठ्यांच्या फटींतून संध्याकाळचं ऊन चुलीपर्यंत यायचं. दिवाळीच्या आधी घरमालकीण पुन्हा लिंपायला बसायची. तिच्या बोटांची अर्धवर्तुळं भिंतभर उमटायची.

फोटोत मागे दिसतं ते अमृतेश्वराचं देऊळ. एवढ्याशा वाडीत एवढं देखणं, हजारेक वर्षांचं देऊळ का? तर वर रतनगडावर प्रवरा उगम पावते. नद्यांच्या उगमांपाशी शिलाहार राजा झंझ यानं बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे एक, असं सांगतात. शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढत जातात. जवळच्या पुष्करणीत बारा कोनाडे आहेत. भर पावसात गाभाऱ्यात पाणी येतं आणि पिंड बुडते.

ही प्रवरा पुढे भंडारदऱ्याला अडवलेली आहे. १९२६ साली पुऱ्या झालेल्या त्या धरणाला तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचं नाव दिलं. त्या पाण्यावर राहुरी-श्रीरामपूरकडे ऊस उभा राहिला. वाडीतली माणसं मात्र नागली, वरई आणि पावसाच्या भातावरच राहिली. हे मला तेव्हाही खुपायचं, आजही खुपतं.

तू लिहितेस, तिकडे तसल्या घरांना सरकारी संरक्षण असतं. इथे देवळाला आहे, पुरातत्त्व खात्याचं. कुडाच्या घराला नाही. घरमालकिणीनं पुढे सिमेंटची भिंत घातली. तिचं बरोबरच होतं, दर वर्षी लिंपून हात भेगाळायचे तिचे. पण ती विद्याही देवळाइतकीच जपायला हवी होती. कुणी निदान तिच्याकडून नीट लिहून तरी घ्यायचं. मी घेतलं नाही.

तिच्या गोठ्याची एक भिंत अजून कुडाची आहे. मेअखेरीस ये, काजव्यांच्या दिवसांत. आपण दोघी जाऊ. या खेपेला वही मी घेते, कामट्या कशा आवळायच्या ते तू तिला विचार.

तुझी,
आत्या